शिलाक्रूस

इंग्लंडातील एखाद्या जुन्या खेड्याजवळ प्रवासी आला, म्हणजे त्याच्या दृष्टीस प्रथम पडतो तो गावातील चर्चचा मनोरा. मनोऱ्याच्या रोखाने चालत गेले की एक बुटकी दगडी भिंत लागते; भिंतीत एक लाकडी फाटक असते आणि फाटकाच्या आत चर्चभोवतालचे हिरवेगार अंगण पसरलेले दिसते. हे अंगण म्हणजेच गावाची दफनभूमी. गावात जन्मलेली, गावच्या शेतात राबलेली आणि गावातच वारलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या येथे पुरली गेली आहेत. या अंगणात, बहुधा चर्चच्या दक्षिण बाजूस, दोनतीन पायऱ्यांचा एक दगडी चौथरा आढळतो. चौथऱ्यावर एक खांब असतो. तो कोठे पुरता उभा, तर कोठे कमरेएवढाच उरलेला. नवखा माणूस त्याला कोणा मोठ्या माणसाची समाधी समजतो. परंतु ती समाधी नव्हे. तो साऱ्या गावाचा क्रूस होय. भोवतालच्या थडग्यांवरील दगड फार तर तीनचारशे वर्षांचे असतात. क्रूस मात्र पाचसहाशे वर्षांचा, आणि क्वचित बारातेराशे वर्षांचाही असतो.

क्रूस म्हणजे दोन आडव्याउभ्या तुळयांची आकृती. येशू ख्रिस्ताला अशाच तुळयांवर खिळून ठार मारण्यात आले, म्हणून मराठी बायबलात क्रूसाला ‘वधस्तंभ’ म्हटले आहे. जे मरणाचे साधन होते, तेच पुढे ख्रिस्ती लोकांचे पूज्य चिन्ह बनले. परंतु हे चिन्ह चर्चच्या आत असताना अंगणात, उन्हापावसात, आणखी एक क्रूस कशासाठी उभारला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे की, कित्येक गावांत क्रूस आधी उभा राहिला आणि चर्च मागून बांधले गेले.

इ. स. ५९७ मध्ये ऑगस्टीन नावाचा धर्मोपदेशक रोमहून दक्षिण इंग्लंडात आला. उत्तरेकडील नॉर्थम्ब्रियाच्या राज्यात ६३५ च्या सुमारास आयोना बेटावरून एडन आला. त्या काळी देशात चर्चे फारच थोडी होती. धर्मोपदेशक गावोगाव पायी हिंडत आणि लोक मोकळ्या माळावर त्यांच्याभोवती जमत. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याची एक हकीकत बीड या साधू इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. ६३४ च्या सुमारास शत्रूशी लढाई जुंपण्यापूर्वी राजाने घाईघाईने एक लाकडी क्रूस करविला, खड्डा खणविला आणि सैनिक माती लोटून ती घट्ट करीपर्यंत तो क्रूस स्वतःच्या दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. त्या प्रांतात उभारलेले ते पहिलेच ख्रिस्ती चिन्ह होते, असे बीड सांगतो. पुढे लोक त्या क्रूसाच्या ढलप्या काढून नेऊ लागले आणि त्या बुडविलेले पाणी आजारी माणसांना व गुराढोरांना पाजू लागले.

दुसरी हकीकत एका लहान मुलाची आहे. इ. स. ७०० च्या सुमारास जन्मलेला विलिबाल्ड तीन वर्षांचा असताना इतका आजारी पडला की, त्याच्या मातापित्यांनी आशा सोडली. त्यांनी मुलाला उचलून क्रूसापुढे नेले आणि तो बरा झाल्यास त्याला धर्मकार्याला वाहू, असा नवस केला. मूल बरे झाले. मोठेपणी त्याने जेरुसलेमपर्यंत प्रवास केला आणि अखेर तो जर्मनीत बिशप झाला. ज्या साध्वीने त्याचे चरित्र लिहिले, तिने या प्रसंगी एक मोलाची माहिती दिली आहे. सॅक्सन लोकांच्या पुष्कळ वाड्यावस्त्यांवर चर्च नसे, तर नित्याच्या प्रार्थनेसाठी एक उंच क्रूस उभारलेला असे. लाकडाचे असे क्रूस कुजून गेले. परंतु त्याच सुमारास पाथरवटांनी दगडाचे क्रूस घडविण्यास आरंभ केला, आणि त्यांतील काही आजही आपल्या मूळ जागी उभे आहेत.

अशा क्रूसांत ब्यूकॅसलचा क्रूस पहिल्या मानाचा समजला जातो. इंग्लंडच्या अगदी उत्तरेस, स्कॉटलंडच्या सीमेलगत, कम्ब्रियाच्या ओसाड माळरानात हे लहानसे खेडे आहे. रोमन सम्राट हेड्रियन याने बांधविलेली प्रसिद्ध भिंत येथून दोनतीन कोसांवर आहे. भिंतीपलीकडील पहाऱ्यासाठी रोमन सैन्याने येथे एक किल्ला बांधला होता. सैन्य गेले, किल्ला पडला, आणि त्याच्या आवारात पुढे चर्च उभे राहिले. या चर्चच्या अंगणात सुमारे साडेचौदा फूट उंचीचा एक चौकोनी स्तंभ सातव्या शतकाच्या अखेरीपासून किंवा आठव्या शतकाच्या प्रारंभापासून उभा आहे. स्तंभाच्या माथ्यावरचा क्रूसाकृती भाग मात्र आज नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी तो लंडनमधील संशोधकांकडे गेला आणि नंतर त्याचा पत्ता लागला नाही. विद्येच्या प्रेमाने नेलेली वस्तूही हरवते, ती अशी!

या स्तंभाच्या चारही बाजू कोरीव कामाने भरलेल्या आहेत. पश्चिमेच्या बाजूवर एकाखाली एक अशा तीन आकृती आहेत. सर्वांत वर कोकरू घेतलेला बाप्तिस्मा करणारा योहान, मध्ये दोन पशूंच्या मस्तकांवर उभा असलेला ख्रिस्त आणि सर्वांत खाली हातावर पक्षी बसविलेला एक पुरुष. हा पुरुष ससाणा बाळगणारा कोणी सरदार आहे की गरुडासह दाखविलेला संत योहान आहे, याविषयी पंडितांत अजून एकमत नाही. पूर्वेच्या बाजूवर तळापासून माथ्यापर्यंत एकच द्राक्षवेल वळसे घेत चढत गेली आहे. तिच्या प्रत्येक वळशात एक पक्षी किंवा पशू बसून द्राक्षे खात आहे. ज्या थंड माळावर द्राक्षाचे एक पानही उगवत नाही, तेथील पाथरवटाने ही वेल कोरली! ती रचना भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतून आली, हे उघड आहे. क्रूसावर काही लेखही आहे. तो ‘रून’ नावाच्या जुन्या लिपीत आहे. लाकडावर किंवा दगडावर सुरीने कोरण्यास सोयीची असावी म्हणून ही लिपी बहुतेक सरळ रेघांची बनलेली आहे. ख्रिस्ताचे नाव त्यात स्पष्ट वाचता येते. उत्तरेच्या बाजूवर किनबुर्ग असे एका स्त्रीचे नावही आहे. परंतु मुख्य लेख इतका झिजला आहे की, प्रत्येक वाचकाने तो वेगळाच वाचला. आपल्याला जे वाचावेसे वाटते तेच झिजलेल्या अक्षरांत दिसू लागते, हा अनुभव शिलालेख वाचणाऱ्या सर्वांनाच येत असावा.

दक्षिण बाजूवरील एक गोष्ट मला सर्वांत मनोहर वाटते. द्राक्षवेलीच्या नक्षीत अर्धवर्तुळाकार छायायंत्र कोरलेले आहे. वर एक भोक आहे. त्यात आडवी काडी बसवीत, आणि तिची सावली खालच्या रेघांवरून सरकत जाई. इंग्लंडात शिल्लक राहिलेले हे सर्वांत जुने छायायंत्र होय. त्यातील ठळक रेघा दिवसाचे चार भाग करतात. आपण दिवसाचे चार प्रहर मानतो. त्या सॅक्सन लोकांची वाटणीही तशीच होती. उन्हाळ्यात दिवस मोठा असे तेव्हा त्यांचा प्रहर लांबे आणि हिवाळ्यात तो आखूड होई. घड्याळ ठाऊक नसलेल्या त्या धनगरांना व शेतकऱ्यांना प्रार्थनेची वेळ हा क्रूसच सांगत असे.

ब्यूकॅसलच्या नैर्ऋत्येस, समुद्राजवळ, गॉस्फर्थ नावाचे गाव आहे. तेथील क्रूसही सुमारे साडेचौदा फूट उंच आहे. परंतु तो दहाव्या शतकातला असून त्याची कथा निराळी आहे. मधल्या काळात व्हायकिंग नावाचे दर्यावर्दी लोक नॉर्वेकडून येऊन या किनाऱ्यावर स्थायिक झाले होते. प्रथम त्यांनी लूटमार केली, पुढे शेती केली, आणि हळूहळू शेजाऱ्यांचा धर्मही स्वीकारला. गॉस्फर्थच्या क्रूसाचा बुंधा झाडाच्या खोडासारखा वाटोळा आहे आणि वर जाता जाता तो चौकोनी होतो. त्याच्या एका बाजूवर ख्रिस्ताचा वध कोरलेला आहे. उरलेल्या बाजूंवर मात्र विचित्र प्राणी, घोडेस्वार आणि राक्षसी जबडे दिसतात. त्यांचा अर्थ कित्येक शतके कोणालाच उमगला नव्हता. क्रूसावर दगडफूल वाढले होते, ऊनपावसाने कोरीवकाम बुजले होते, आणि रविवारी चर्चला येणारे गावकरी त्याच्याजवळून नित्य जात होते.

एकोणिसाव्या शतकात जवळच्या ॲस्पाट्रिया गावचे धर्मगुरू कॅल्व्हर्ली आणि गॉस्फर्थचे डॉक्टर पार्कर यांनी हे कोरीवकाम काळजीपूर्वक अभ्यासिले, आणि १८८६ च्या सुमारास त्याचा उलगडा झाला. त्या आकृती उत्तरेकडील लोकांच्या जुन्या पुराणांतील होत्या. एका ठिकाणी लोकी नावाचा कपटी देव बांधून टाकलेला आहे. त्याच्या डोक्यावर सर्प टांगलेला असून त्याचे विष थेंबाथेंबाने गळते. लोकीची पत्नी सिगिन हाती वाडगे धरून ते विष झेलीत बसली आहे. वाडगे भरले की ते ओतण्यास तिला उठावे लागते. तेवढ्यात विष तोंडावर पडून लोकी तडफडतो, आणि धरणीकंप होतो. शेषाने फणा हलविला की भूकंप होतो, असे आपल्याकडील आजीबाई सांगत. ही त्या शीत देशातील आजीबाईंची कथा. दुसऱ्या ठिकाणी विदार नावाचा देव राक्षसी लांडग्याचा जबडा एका पायाने खाली दाबून हाताने वर फाडीत आहे. ही सारी चित्रे देवांच्या अंतिम युद्धातील आहेत.

ख्रिस्ती क्रूसावर या कथा कशा आल्या? जुने देव लयाला गेले आणि नव्या धर्माचा उदय झाला, असे पाथरवटाला सुचवायचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मला वाटते, आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या कथा नव्या धर्माबरोबर एकदम विसराव्यात, असे त्या लोकांना वाटले नसेल. सिगिन कोरताना त्या कारागिराचा हात किती मायेने चालला आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या काळात गावोगाव दगडी चर्चे झाली. प्रत्येक चर्चकडे ठरावीक गाव व त्याचा परिसर सोपविलेला असे. त्यास ‘पॅरिश’ म्हणतात. चौदाव्या व पंधराव्या शतकांत अशा पॅरिशांच्या अंगणांत जे क्रूस उभारले गेले, त्यांची घडण ठरून गेलेली होती. खाली पायऱ्या, पायऱ्यांवर एक जाड बैठकीचा दगड, त्यातील खाचेत शिसे ओतून पक्का केलेला उंच सडपातळ खांब, आणि खांबाच्या माथ्यावर देवळीसारखे कोरीव शीर्ष. शीर्षाच्या एका बाजूस क्रूसावरील ख्रिस्त आणि दुसऱ्या बाजूस बाल येशूला घेतलेली मरिया असे. गरिबाच्या थडग्यावर त्या काळी दगड नसे. तेव्हा हा एकच क्रूस अंगणातील सर्व मृतांचे स्मारक होता. ईस्टरपूर्वी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक येथे येऊन थांबे. इंग्लंडात ताडामाडांच्या झावळ्या कोठून मिळणार? लोक यू वृक्षाच्या नाहीतर वाळुंजाच्या डहाळ्या हाती घेऊन येत. पायऱ्यांवर उभे राहून प्रवचने होत आणि गावाला कळवावयाचे ते येथेच कळविले जाई.

हे क्रूस आज बहुतेक ठिकाणी मोडके का आहेत, हे आता सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकात इंग्लंडचे चर्च रोमच्या पोपपासून वेगळे झाले. मूर्ती व चित्रे यांची पूजा म्हणजे धर्मभ्रष्टता, असे मानणारा पंथ पुढे प्रबळ झाला. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध सुरू झाले, आणि ऑगस्ट १६४३ मध्ये पार्लमेंटने चर्चांतील व चर्चच्या अंगणांतील मूर्ती आणि क्रूस काढून टाकण्याचा हुकूम काढला. विल्यम डाउसिंग नावाच्या अधिकाऱ्याने १६४३-४४ मध्ये केंब्रिजशायर व सफक या परगण्यांतील सुमारे अडीचशे चर्चांना भेटी दिल्या आणि कोठे काय फोडले याची रोजनिशी लिहून ठेवली. ती आजही वाचावयास मिळते. आपण पुण्यकर्म करीत आहोत, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खांब पाडणे व शीर्ष फोडणे सोपे. परंतु पायऱ्या व बैठकीचा दगड उचलणे जड काम. म्हणूनच आज इतक्या अंगणांत नुसते चौथरे दिसतात. काही गावांनी उरलेल्या खुंटावर छायायंत्र बसविले. काही ठिकाणचे खांब फाटकाचे खुंट झाले, तर कॉर्नवॉलमध्ये ते ओढ्यावर साकव म्हणूनही टाकले गेले. त्याच प्रांतातील मायलर येथे १८७० मध्ये असे आढळले की, चर्चच्या कललेल्या भिंतीला ज्या खांबाचा टेकू दिला आहे, तो एक प्रचंड क्रूस आहे! त्याची एकूण लांबी सतरा फुटांहून अधिक आहे. पुन्हा उभारताना त्यातील सुमारे सात फूट जमिनीत गेले.

सर्वच गावांनी मुकाट्याने हुकूम पाळला असेही नव्हे. ग्लॉस्टरशायरमधील अँप्नी क्रूसिस या गावचे क्रूसाचे शीर्ष एकोणिसाव्या शतकात चर्चच्याच भिंतीत चिणलेले सापडले. त्यावरील आकृती शाबूत होत्या. कोणीतरी रात्री ते काढून, आत ठेवून, वर दगडचुना घालून बुजविले असावे, आणि गुपित बरोबर घेऊन तो मनुष्य बाहेरच्या अंगणात पुरला गेला असावा. लिंकनशायरमधील समर्सबी येथील पंधराव्या शतकाचा क्रूस तर शीर्षासह जागच्या जागी वाचला. कवी टेनिसन हा १८०९ मध्ये याच गावी जन्मला. त्याचे वडील येथील धर्मगुरू होते आणि त्यांचे थडगे याच अंगणात आहे.

सीमेपलीकडे स्कॉटलंडात रथवेल येथे असलेला क्रूस ब्यूकॅसलच्या क्रूसाचा जोडीदार म्हणावा लागेल, कारण तो घडला तेव्हा तो मुलूख नॉर्थम्ब्रियातच मोडत होता. त्यावर रून लिपीत एका प्राचीन इंग्रजी कवितेच्या ओळी कोरल्या आहेत, आणि त्यांत क्रूस स्वतःच बोलतो. आपण ख्रिस्ताला कसे पेलले, हे तो सांगतो. १६४२ मध्ये तो फोडण्यात आला. पुढे तेथील धर्मगुरू हेन्री डंकन यांनी त्याचे तुकडे गोळा केले आणि १८२३ मध्ये आपल्या बागेत ते जुळवून उभे केले. १८८७ पासून तो चर्चच्या आत आहे. याच डंकनसाहेबांनी १८१० मध्ये गरीब गावकऱ्यांसाठी एक बचतपेढी काढली होती. शिलिंग-पेन्स असोत की दगडाचे तुकडे असोत, थोडेथोडे साठविण्याची त्यांना हौसच होती, असे दिसते.

मनुष्याच्या हातून वाचलेल्या क्रूसांना हवेपासून मात्र सुटका नाही. पावसाचे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरते. थंडीने त्याचे बर्फ होते. बर्फ पाण्याहून अधिक जागा व्यापते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कारखाने वाढल्यावर कोळशाच्या धुरातील गंधक पावसात मिसळून त्याचे आम्ल बनले, आणि चुनखडीचा अंश असलेला दगड त्याने खाल्ला. यॉर्कशायरमधील इल्क्ली येथील तीन सॅक्सन क्रूसस्तंभ याच कारणास्तव १९८३ मध्ये अंगणातून उचलून चर्चच्या मनोऱ्याखाली नेण्यात आले. आत नेल्याने नक्षी वाचते. परंतु ज्या आकाशाखाली उभे राहण्यासाठी क्रूस घडविला ते आकाश त्याला अंतरते. बाहेर ठेवला तर तो आपल्या जागी राहतो आणि तिळातिळाने नाहीसा होतो. यांतील कोणती गोष्ट पत्करावी, हे प्रत्येक गावाला ठरवावे लागते. गॉस्फर्थच्या क्रूसाचा साचा १८८२ मध्येच लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयासाठी घेण्यात आला. क्रूस स्वतः मात्र अंगणातच आहे. रोझमेरी क्रँप या विदुषींनी तर देशातील अशा सर्व सॅक्सन कोरीव दगडांची खानेसुमारीच आरंभिली. तिचा पहिला खंड १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता एकच क्रूस सांगावयाचा राहिला. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात ईम नावाचे गाव आहे. तेथील अंगणात आठव्या किंवा नवव्या शतकातील एक क्रूस आहे. त्याच्या खांबाचा वरचा काही भाग हरवला आहे, म्हणून तो ठेंगणा, सुमारे आठ फुटांचाच दिसतो. परंतु त्याचे शीर्ष मात्र टिकले आहे आणि त्याच्या बाहूंवर देवदूत कोरलेले आहेत. अठराव्या शतकात हे शीर्ष अंगणाच्या एका कोपऱ्यात गवतात पडून होते. तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड गावात आला असता त्याने त्याची विचारपूस केली, तेव्हा कोठे गावकऱ्यांनी ते उचलून नीट बसविले, असे सांगतात.

या क्रूसाजवळ एक थडगे आहे. ते कॅथरीन माँपेसन या स्त्रीचे. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगने कहर केला होता. त्या वर्षी लंडनहून ईमच्या एका शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले. त्याबरोबर प्लेगच्या पिसवा आल्या असाव्यात. थोड्याच दिवसांत माणसे मरू लागली. पिसवांचा आणि प्लेगचा संबंध कोणालाच ठाऊक नव्हता; तो पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने आपल्या मुंबई इलाख्यातील कराची शहरी शोधून काढला. ईमचे लोक पळून गेले असते, तर रोग भोवतालच्या सर्व गावांत पसरला असता. १६६६ च्या उन्हाळ्यात गावचे तरुण धर्मगुरू विल्यम माँपेसन आणि त्यांच्या पूर्वीचे धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना एकत्र केले. या दोघांचे धर्ममत एकमेकांविरुद्ध होते, तरी त्या दिवशी ते एका बाजूने बोलले. गावाची सीमा कोणी ओलांडावयाची नाही, असे ठरले, आणि गावाने ते पाळले. बाहेरचे लोक सीमेवर अन्न ठेवून जात; गावकरी दगडातील खळग्यात व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवीत. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागली, म्हणजे माणसे एकमेकांपासून दूर उभी राहू शकत. ज्याची त्याने आपली माणसे पुरावी, असा नियम झाला. सुमारे २६० माणसे दगावली. माँपेसन यांनी आपली मुले आधीच बाहेर पाठविली होती. पत्नीने मात्र गाव सोडण्याचे नाकारले. आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असता तीही ऑगस्ट १६६६ मध्ये मरण पावली.

ज्या दरीत त्या वर्षी प्रार्थना होत असे, तेथे दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी गावकरी जमतात. त्यांची मिरवणूक चर्चपासून निघते.